खाल्लेले अंगी का लागत नाही?

जून-जुलैमध्ये शाळा-कॉलेजे सुरू झाली की दवाखान्यात एक ठरावीक तक्रार वाढते. आई मुलाला किंवा मुलीला पुढे करते आणि म्हणते, "डॉक्टर, याच्या अंगाला काही लागतच नाही बघा. एखादं चांगलं टॉनिक लिहून द्या, नाहीतर एक सलाईन लावा." मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा, मान खाली घालून उभा. शर्टातून खांद्याची हाडे दिसत असतात. शाळेत मुले त्याला 'काडी पैलवान' म्हणतात, हे तो सांगत नाही, पण आई सांगते. मुलगी असेल तर आईची काळजी आणखी निराळी असते. "आता दोन-तीन वर्षांत हिचं बघायला लागेल, अशी दिसली तर कसं व्हायचं?" असे ती हळूच विचारते.

टॉनिक मी सहसा लिहून देत नाही, त्यामुळे पुष्कळ जण नाराज होऊन जातात. काही जण चौकातल्या औषध-दुकानातून ते परस्पर घेतातही. म्हणून आज या सदरात हा विषय जरा सविस्तर घेतो आहे.

पहिला प्रश्न असा की, मूल खरोखर बारीक आहे का? आपल्याकडे शेजारच्या गुटगुटीत मुलाशी तुलना करून हे ठरवतात. तो मापदंड चुकीचा आहे. वयात येताना शरीर आधी उंचीला लागते आणि वजन मागून येते. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास झपाट्याने वाढते, मुलांची चौदाव्या वर्षाच्या सुमारास. त्या वर्ष-दीड वर्षात मूल वेलासारखे लांब होते, पँट आखूड पडते आणि आईला वाटते की पोर वाळले. शिवाय काही मुले उशिरा वयात येतात. वडिलांनाही मिसरूड सतराव्या वर्षी फुटली असेल तर मुलाकडून तेराव्या वर्षी पुरुषी अंगाची अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

मोजायची रीत सोपी आहे. किलोमधले वजन घ्यावे आणि मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने त्याला भागावे. उदाहरणार्थ, उंची 160 सेंटिमीटर म्हणजे 1.6 मीटर. 1.6 गुणिले 1.6 म्हणजे 2.56. वजन 41 किलो असेल तर उत्तर साधारण 16 येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 सालच्या तक्त्यानुसार पंधरा वर्षांच्या मुलाचा हा आकडा 16 च्या खाली गेला तर त्याला कृश म्हणावे. म्हणजे 160 सेंटिमीटर उंचीचा, 44 किलोचा पंधरा वर्षांचा मुलगा बारीक दिसला तरी तो कृश नाही. हल्ली मोबाईलवर वजन-उंची टाकली की 18.5 च्या खालच्या सगळ्यांना 'अंडरवेट' असा शिक्का मिळतो. तो 18.5 चा आकडा मोठ्या माणसांसाठी आहे, वाढत्या मुलांना तो लावू नये. मुलांसाठी वयानुसार वेगळे तक्ते असतात. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे 2015 चे तक्ते तर आपल्याच देशातल्या मुलांवरून तयार केलेले आहेत आणि कोणत्याही बालरोगतज्ज्ञाकडे पाहायला मिळतात. एका वेळच्या आकड्यापेक्षा सहा महिन्यांतली चाल महत्त्वाची. मूल आपल्या रेषेवरून वर सरकत असेल तर फार काळजी नको. रेषेवरून खाली घसरत असेल तर मात्र ते मूल अंगाने भरलेले दिसले तरी तपासले पाहिजे.

आणि बारीक म्हणजे दुबळा हेही खरे नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी 1952 साली हेलसिंकीला ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळवले ते 57 किलोच्या गटात. ज्या मुलाला पायऱ्या चढताना धाप लागत नाही, जो दिवसभर खेळतो, शांत झोपतो, वेळेवर जेवतो आणि ज्याचे आई-वडीलही सडपातळ आहेत, त्याला औषधाची गरज नसते. घरच्यांनी "फुंकर मारली तर उडशील" हे म्हणणे तेवढे थांबवावे. थट्टेने कुणाचे वजन वाढलेले मी अजून पाहिलेले नाही. उलट मूल चारचौघांत जेवायला लाजू लागते.

पण खरोखर कृश असलेली मुले आपल्याकडे थोडी नाहीत. केंद्र सरकारने 2016 ते 2018 या काळात देशभर मुलांच्या पोषणाची मोठी पाहणी केली. तिच्यात 10 ते 19 वयोगटातली 24 टक्के मुले-मुली वयाच्या मानाने कृश आढळली. म्हणजे चाळीसच्या वर्गात नऊ-दहा जण. ही सगळी आनुवंशिक सडपातळ नाहीत. बहुतेकांच्या पोटात पुरेसे अन्नच जात नाही, एवढे साधे कारण आहे, आणि हे कारण गरिबाच्या घरापुरते नाही.

आता आपल्या तालुक्यातल्या नववी-दहावीच्या मुलाचा दिवस पाहा. सहाला उठायचे, साडेसहाची एस.टी. पकडायची. पोटात एक कप चहा आणि दोन टोस्ट, तेही उभ्या-उभ्या. शाळेआधी शिकवणी. डबा असतो, पण त्यात दोन पोळ्या आणि बटाट्याची कोरडी भाजी, आणि मधली सुट्टी पंधरा मिनिटांची. त्यातला अर्धा डबा मित्रांत वाटला जातो, उरलेला परत येतो. मधल्या सुट्टीत पाच रुपयांची चटपटीत पुडी पोटात जाते, तिने भूक तेवढी मरते. चार-साडेचारला घरी. पुन्हा चहा. मग दुसरी शिकवणी. रात्री नऊ-साडेनऊला काय ते खरे जेवण, आणि तेव्हा झोप डोळ्यांवर आलेली असते. आई म्हणते, "जेवतो की हो रोज!" जेवतो हे खरेच, पण दिवसातून एकदा.

या वयाची गरज किती असते याची पालकांना कल्पना नसते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 साली जे तक्ते दिले त्यांत 13 ते 15 वर्षांच्या मुलाला दिवसाला 2860 उष्मांक सांगितले आहेत आणि 16 ते 18 वर्षांच्या मुलाला 3320. बसून काम करणाऱ्या मोठ्या पुरुषाला किती? 2110. म्हणजे दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्या बापापेक्षा त्याच्या पोराला दीडपट अन्न लागते. मुलींचे तर आणखी विचार करण्यासारखे आहे. 16 ते 18 वर्षांच्या मुलीला 2500 उष्मांक हवेत आणि बैठे काम करणाऱ्या तिच्या आईला 1660. आपल्या किती घरांत मुलीच्या ताटात आईच्या ताटापेक्षा दीडपट वाढले जाते?

मुलींविषयी स्पष्टच लिहितो. अजूनही पुष्कळ घरांत आधी पुरुष जेवतात, मग मुले आणि शेवटी आई आणि मोठी मुलगी, उरलेल्या भाजीवर. अंडी आणली तर ती 'पोरांना', आणि त्या पोरांत पोरी धरलेल्या नसतात. त्यावर उपवास. सोमवार, चतुर्थी, एकादशी, श्रावणात आणखी. मुलीच्या श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचे नाही, पण वाढत्या वयात आठवड्याला दोन दिवस चहा आणि वाटीभर साबुदाण्यावर काढणे परवडणारे नाही. साबुदाण्यात पिष्टाखेरीज फारसे काही नसते. खिचडीत जे काही पौष्टिक असते ते दाण्याच्या कुटाचे. उपवास करायचाच असेल तर दूध, दही, केळी, राजगिऱ्याचे आणि शेंगदाण्याचे लाडू भरपूर खाऊन करावा.

2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59 टक्क्यांच्या अंगात रक्त कमी आढळले. रक्त कमी असले की भूक मंदावते, भूक मंदावली की खाणे कमी आणि खाणे कमी की रक्त आणखी कमी, असे ते चक्र आहे. शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी मोफत मिळते. ती दप्तरात पडून राहते किंवा खिडकीबाहेर जाते, कारण मळमळते, शौचाला काळे होते. काळे होणे हा त्या गोळीचा गुणच आहे, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. जेवल्यावर घेतली तर मळमळ कमी होते. गोळीच्या किंवा जेवणाच्या आगेमागे तासभर चहा घेऊ नये, चहा अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. ताटात लिंबाची फोड घ्यावी, तिने ते जास्त लागते. वर्षातून दोनदा जंताची गोळी शाळेतून देतात, तीही घ्यावी. 2015 पासून हा कार्यक्रम चालू आहे.

कृश मुलीचे लवकर लग्न झाले की पुढे काय होते, हे समजायला लांब जायला नको. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच लहान. पण त्यांच्यात कमी होते ते मांस, चरबी त्या मानाने टिकून होती. अशा बांध्याच्या माणसाला पुढे मधुमेह लवकर गाठतो. ज्या माता दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळे जास्त खात होत्या त्यांची बाळे जास्त वजनाची होती, हेही त्याच अभ्यासात दिसले. महाराष्ट्रात 20 ते 24 वयाच्या शंभर स्त्रियांमध्ये जवळपास 22 जणींची लग्ने अठराच्या आत झालेली आहेत, असे वर उल्लेख केलेली कुटुंब पाहणीच सांगते. मुलीच्या वजनाची काळजी तिला दाखवण्याच्या कार्यक्रमासाठी करू नये, एवढेच मी त्या आयांना म्हणतो.

याज्ञिकांच्या अभ्यासावरून आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. वजन वाढवायचे म्हणून मुलाला पेढे, गुलाबजाम, बिस्किटे, थंड पेयांच्या बाटल्या यांवर ठेवले तर काटा पुढे सरकेल, पण ते वजन पोटावर बसेल. हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे, अशी मुले आता दिसू लागली आहेत. आपल्याला वाढवायचे आहे ते मांस.

ते कसे वाढवायचे याकडे येण्यापूर्वी, कोणत्या मुलाला आधी डॉक्टरकडे न्यायचे ते सांगतो. ज्याचे वजन नुसते कमी नाही तर काही महिन्यांत उतरले आहे. ज्याला दोन आठवड्यांहून अधिक खोकला आहे, संध्याकाळी अंग तापते, रात्री घाम येतो, मानेत गाठी लागतात. जो भरपूर खातो, सारखे पाणी पितो, रात्री लघवीला उठतो आणि तरी वाळत चालला आहे. याला लहान वयातला मधुमेह असू शकतो, त्याच दिवशी रक्तातली साखर तपासावी, आठवडाभर थांबू नये. ज्याला वारंवार जुलाब होतात. ज्या मुलीच्या छातीत धडधडते, हात थरथरतात, कारण थायरॉईड वाढले असेल. पंधरा वर्षे पुरी होऊनही पाळी आली नाही किंवा येत होती ती बंद झाली. आणि एक अलीकडचे. जाड दिसू म्हणून मुद्दाम उपाशी राहणारी, जेवून ओकून टाकणारी मुलगी. हे शहरी खूळ म्हणून सोडून देऊ नका. हा आजार आहे, तो जिवावर बेततो आणि त्याला मानसोपचारतज्ज्ञाची मदत लागते.

यातला क्षय आपल्या भागात अजून सर्वांत जास्त लक्षात ठेवण्यासारखा. घरात कुणाला क्षय असेल आणि त्याच घरात कृश मूल असेल तर त्याला आधी तपासा. झारखंडच्या चार जिल्ह्यांत क्षयरुग्णांच्या कुटुंबांवर एक मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2023 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. काही कुटुंबांतल्या माणसांना दरमहा माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. बाकीच्या कुटुंबांना हा शिधा नव्हता. शिधा मिळालेल्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण 39 टक्क्यांनी कमी झाले. तांदूळ आणि डाळ! कोणत्याही लशीला हेवा वाटावा असे हे यश आहे. क्षयाची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत आणि उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी रुग्णाच्या खात्यावर पैसेही जमा होतात. 2018 साली ती रक्कम महिना 500 रुपये होती, नोव्हेंबर 2024 पासून 1000 केली आहे. लाज वाटून तपासणी टाळणाऱ्या घरांनी हे ध्यानात घ्यावे.

आता सलाईन. आपल्या तालुक्यात 'ताकदीची बाटली' लावून घेण्याची हौस काही केल्या कमी होत नाही, आणि ती लावून देणारे आमच्यातलेच आहेत हे मान्य केले पाहिजे. अर्ध्या लिटरच्या साखरेच्या सलाईनमध्ये 25 ग्रॅम साखर असते. म्हणजे पाच-सहा चहाचे चमचे. सुमारे शंभर उष्मांक. एवढे एका केळ्यात मिळतात. बाटलीत रंगीत इंजेक्शन मिसळले की पाणी पिवळे होते आणि पेशंटला बरे वाटते, पण तो पिवळा रंग 'ब' जीवनसत्त्वाचा असतो, त्याची गोळी काही रुपयांत मिळते. तीनचारशे रुपये मोजून एका केळ्याइतकी ताकद विकत घ्यायची की घरी दोन डझन केळी न्यायची, हे ज्याचे त्याने ठरवावे.

टॉनिकच्या बाटल्यांतली काही भूक वाढवणारी औषधे मुळात सर्दी-खाजेवरची असतात, उदाहरणार्थ सायप्रोहेप्टाडीन. त्याने भूक लागते हे खरे, पण पोर वर्गात पेंगते, आणि औषध थांबले की भूक पुन्हा होती तिथे. विशिष्ट आजारांत आम्ही ते देतो, पण डॉक्टरने न सांगता घेऊ नये. सर्वांत धोक्याच्या त्या सुट्या पुड्या आणि बिननावाच्या गोळ्या, ज्या 'महिन्यात पाच किलो' म्हणून विकल्या जातात. त्यांत पुष्कळदा स्टेरॉईड मिसळलेले असते. पंधरा दिवसांत गाल वर येतात, चेहरा चंद्रासारखा गोल होतो, घरचे खूश. ते मांस नसते, पाणी आणि चरबी असते. मागाहून रक्तदाब, साखर, ठिसूळ हाडे, खुंटलेली उंची. आणि एकदम बंद केली तर माणूस कोसळतो. कुणी घेत असेल तर घाबरून परस्पर थांबवू नका, ती पुडी घेऊन डॉक्टरकडे जा, हळूहळू कमी करावी लागते.

पोलीस भरती आणि सैन्य भरतीची तयारी करणारी मुले आणखी एका फंदात पडतात. पोलीस भरतीला छाती 79 सेंटिमीटर आणि फुगवून पाच सेंटिमीटर जास्त लागते. मग कुणीतरी सांगते आणि दोन-अडीच हजारांचा पावडरचा डबा येतो. बापाने उसनवारी करून आणलेला डबा मी पाहिलेला आहे. त्या पावडरच्या एका मापात जेवढी प्रथिने लिहिलेली असतात तेवढी चार अंड्यांत मिळतात. 'वजन वाढवणाऱ्या' पावडरींत तर निम्म्याहून अधिक पिष्ट आणि साखरच असते. त्याच पैशात घरात महिनोन्‌महिने पुरतील इतके शेंगदाणे येतात.

शेंगदाण्याला आपण फार कमी लेखतो. गरिबाचे बदाम म्हणतो आणि गरिबालाच ठेवतो. शंभर ग्रॅम दाण्यांत 25 ग्रॅम प्रथिने असतात आणि साडेपाचशेच्या वर उष्मांक. रोज मूठभर भाजलेले दाणे आणि गुळाचा खडा, एक पेला दूध आणि एक केळे, एवढे नेहमीच्या जेवणावर जास्त खाल्ले तर साडेचारशे-पाचशे उष्मांक वाढतात. एक किलो वजन वाढायला सुमारे सात-साडेसात हजार उष्मांक जादा लागतात. हिशेब करा. आठवड्याला पाव ते अर्धा किलो, महिन्याला एक ते दोन. यापेक्षा वेगाने वाढवू नये आणि यापेक्षा वेगाचे जो वचन देईल त्याच्यापासून दूर राहावे.

बारीक मुलांचे पोट लहान असते आणि लवकर भरते. त्यामुळे ताटात ढीग वाढून "सगळं संपव" म्हणून दटावण्यात अर्थ नाही. तेवढ्याच घासात ताकद जास्त कशी जाईल हे बघावे, आणि दोनऐवजी पाच वेळा खायला द्यावे. भाकरीवर दाण्याची चटणी आणि कच्च्या तेलाची धार. वरणभातावर चमचा-दोन चमचे तूप. एका चमचा तेलात किंवा तुपात 45 उष्मांक असतात, ते पोटात जागा अडवत नाहीत. खिचडीत डाळीचे प्रमाण वाढवा. मटकी, हरभरा, चवळीची उसळ रोज एकदा. थालीपिठाची भाजणी घरात असेल तर सकाळची निम्मी चिंता मिटते. थालीपीठ आणि वर लोण्याचा गोळा खाऊन गेलेले पोर मधल्या सुट्टीपर्यंत टिकते. जी घरे अंडी खातात त्यांनी रोज दोन उकडलेली द्यावीत. 'अंड्याने उष्णता होते' हे मी तीस वर्षे ऐकतो आहे, उन्हाळ्यातही अंडी पचतात. केळ्याने कफ होतो हेही तसेच. दूध पचत नसेल तर दही, ताक नको. ताक उत्तम, पण त्यात पाणीच फार. जेवणापूर्वी तांब्याभर पाणी पिण्याची सवय मोडा. आणि चहा. सोळा वर्षांच्या आतल्या मुलाला चहा कशाला हवा? तोच पावशेर दूध नुसते प्याले तर काय बिघडते? पण आपल्याकडे दूध डेअरीला जाते आणि उरलेल्याचा चहा होतो. ज्या घरी दोन म्हशी आहेत त्या घरचे पोर कृश का, याचे उत्तर पुष्कळदा डेअरीच्या पावतीवर मिळते. दुधाचा पैसा लागतो हे मला कळते. पण रोज अर्धा लिटर पोरांसाठी बाजूला काढा.

नुसते खाऊन मांस वाढत नाही, ते कामाला लावले तरच वाढते. यासाठी व्यायामशाळेची वर्गणी भरायला हवी असे नाही. आठ-दहा सूर्यनमस्कार, दंड, बैठका, गावात मल्लखांब असेल तर फारच छान. दिवसाआड अर्धा-पाऊण तास पुरे. मुलींनीही करावे, काही होत नाही. भरतीची मुले मात्र पहाटे दहा-दहा किलोमीटर पळतात आणि वर काही खात नाहीत, मग वजन कुठून येणार? पळून आल्यावर अर्ध्या तासात दूध-केळे, अंडी किंवा भिजवलेले हरभरे पोटात गेलेच पाहिजेत.

झोप आठ-नऊ तास हवी. रात्री एक-एकपर्यंत पांघरुणात मोबाईल बघणाऱ्या पोराला सकाळी भूक लागत नाही, त्याला टॉनिक काय करणार? आणि मावा, खर्रा, गुटखा. 2012 पासून राज्यात गुटख्याला बंदी आहे, तरी नववीतल्या मुलांच्या खिशात सापडतो. तोंडात तोबरा असला की भूक मरते. काही मुलांचे तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही, ती तिखट खाऊ शकत नाहीत, म्हणून कमी जेवतात. घरच्यांना हे कारण माहीतच नसते. मुलाला एकदा तीन बोटे उभी धरून तोंडात घालायला सांगून बघा.

शेवटी थोडे सरकारदरबारी. शाळेतली पोषण आहार योजना 15 ऑगस्ट 1995 रोजी देशात सुरू झाली. सहावी ते आठवीच्या मुलाला त्यात 700 उष्मांक आणि 20 ग्रॅम प्रथिने मिळतात. तिच्यावर टीका पुष्कळ होते, खिचडीत पाणी फार वगैरे, पण अनेक मुलांचे दिवसातले ते एकमेव गरम जेवण असते. आणि ते आठवीनंतर बंद होते. नववीत, म्हणजे मुलाची भूक सर्वांत वाढते नेमक्या त्या वर्षी! शेजारच्या कर्नाटकात दहावीपर्यंत दुपारचे जेवण मिळते, तामिळनाडूतही मिळते. मग आपल्याकडे का नाही? गावची शाळा सोडून नववीसाठी एस.टी.ने तालुक्याला येणारी जी मुले आहेत त्यांना याची सर्वांत जास्त गरज आहे. जिल्हा परिषदेच्या आणि पंचायत समितीच्या सदस्यांनी हा विषय ठरावाच्या रूपाने वर पाठवावा. तोवर माध्यमिक शाळांनी दोन गोष्टी करायला कुणाची परवानगी लागणार नाही. मधली सुट्टी पंधराची तीस मिनिटे करावी आणि शाळेच्या दारातला पुडीवाला हलवून त्या जागी उकडलेले हरभरे, शेंगा, केळी आणि चिक्की विकणाऱ्या बचत गटाच्या बाईला बसू द्यावे.

ज्यांना मूल तपासून घ्यायचे आहे त्यांनी येताना शाळेतल्या आरोग्य तपासणीचे कार्ड किंवा वजन-उंची लिहिलेला जुना कागद शोधून आणावा. नसेल तर लहानपणचे लसीकरणाचे कार्ड. महिन्यातून एकदा, एकाच काट्यावर, सकाळी, चपला काढून वजन करावे आणि तारखेसह लिहून ठेवावे. रोज काट्यावर चढू नये. आणि आधीच्या तीन दिवसांत मुलाने काय-काय खाल्ले, चहा-पुडीसकट, तेही लिहून आणावे. ती यादी आईने नव्हे, मुलाने स्वतः लिहिलेली असावी.